नाव आपलं, हुकूम लंडनचा

१९१३ सालच्या एप्रिलमध्ये ‘एचएमएस न्यूझीलंड’ ही अजस्र बॅटलक्रूझर ज्याच्या नावाने बांधली गेली, त्या देशात पहिल्यांदा आली. जूनअखेरपर्यंत ती बंदरोबंदरी फिरली. देशाची वस्ती जेमतेम अकरा लाखांची, आणि बोटीवर चढून ती पाहून गेलेली माणसं साडेतीन लाखांहून जास्त!

एवढ्या कौतुकाची ही बोट देशाच्या ताब्यात मात्र नव्हती. १९०९ च्या मार्चमध्ये जर्मनी ‘ड्रेडनॉट’ प्रकारच्या अवाढव्य युद्धनौका बांधण्यात पुढे जाईल या धास्तीने ब्रिटनमध्ये गदारोळ उठला. न्यूझीलंडचे पंतप्रधान जोसेफ वॉर्ड यांनी तडक तार केली: एका युद्धनौकेचा खर्च आम्ही उचलतो, लागलीच तर दुसरीचाही. संसदेची मान्यता नंतर घेतली. खर्च आला सुमारे १७ लाख पौंड, तोही कर्ज काढून. बोट ग्लासगोजवळ गोव्हनला बांधली, खलाशी बहुतेक ब्रिटिश, हुकूम लंडनचा. ती पूर्वेकडच्या समुद्रात राहावी, ही मूळ कल्पनाही बारगळली. तिला उत्तर समुद्रातच ठेवलं गेलं.

शेजारच्या ऑस्ट्रेलियाने त्याच वर्गाची ‘ऑस्ट्रेलिया’ स्वतःच्या नौदलासाठी घेतली. न्यूझीलंडने पैसे मोजून फक्त नाव मिळवलं. पण त्याला निव्वळ लाचारी म्हणणं मला पटत नाही. लोकर, लोणी, मटण हे सगळं सागरी वाटेने लंडनला जायचं, आणि १९०५ मध्ये जपानने रशियाचं आरमार बुडवल्यापासून पॅसिफिकमधली धाकधूक वाढली होती. शिवाय १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यात सामील व्हायला नकार दिलेल्या या देशाला आपण वेगळे आहोत हे जगाला दाखवायचंच होतं.

बोटीला खरं न्यूझीलंडचं केलं ते तिथल्या मूळ रहिवासी माओरींनी दिलेल्या भेटीने. कॅप्टन लायोनेल हॅल्सी यांना पिउपिउ, म्हणजे स्थानिक झाडाच्या पात्यांचा घागरा, आणि हिरव्या दगडाचं टिकी, म्हणजे गळ्यात घालायचं कोरीव लटकन, मिळालं. लढाईत हे अंगावर असलं तर बोटीला धोका नाही, अशी श्रद्धा. ब्रिटिश आरमारी अधिकारी गणवेशावर घागरा नेसून लढाईला उभा, हे दृश्य कल्पनेतसुद्धा गमतीचं. पण ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर दारूगोळ्याच्या स्फोटांनी बुडाल्या. त्यांतली ‘इंडिफॅटिगेबल’ तर याच वर्गाची. तिच्यावरची हजाराहून अधिक माणसं गेली. ‘न्यूझीलंड’ला एकच गोळा लागला, माणूस एकही दगावला नाही. मग खलाशांचा पिउपिउवर विश्वास का बसू नये?

युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने बोट भंगारात निघाली. तिच्या कर्जाचे हप्ते मात्र दुसरं महायुद्ध संपत आलं तरी चालूच होते.

तोवर अभिमानाची जागा एका लहान क्रूझरने घेतली होती. १९३९ च्या डिसेंबरमध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘अकिलिस’ जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी भिडली, तेव्हा तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते. १९४८ मध्ये तीच बोट भारताकडे आली, ‘आयएनएस दिल्ली’ झाली आणि १९६१ च्या गोवामुक्तीच्या वेळी दीवच्या किनाऱ्यावर तिच्या तोफा धडाडल्या.