उत्तरेच्या भिंतीचे दुखणे

प्रतिनिधी, मुंबई

पाऊस ओसरला आणि दिवाळी जवळ आली की गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत रंगरंगोटीचा विषय हमखास निघतो. रस्त्यावरून दिसणारी बाजू आधी रंगवावी, मागच्या बाजूचे निधी उरला तर पाहू, असा निर्णय बहुतेक ठिकाणी फारशी चर्चा न होता घेतला जातो. इमारतीच्या प्रकृतीचा विचार केल्यास हा क्रम नेमका उलटा आहे. दर्शनी भिंतीला ऊन मिळते, वारा लागतो आणि पावसाने उघडीप दिली की ती काही दिवसांत कोरडी होते. स्वयंपाकघरे, न्हाणीघरे आणि सांडपाण्याच्या नळ्या ज्या बाजूला असतात, ती मागची भिंत मात्र दसरा उलटला तरी ओलीच राहते. इमारतीला वार्धक्य येते ते बहुधा याच बाजूने.

ऊन कुठे अडते?

मुंबईत वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर हाच आकडा पाच हजारांच्या पुढे जातो. नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे पावसाचा थेट मारा दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींना सोसावा लागतो. त्यामुळे त्याच भिंतींना सर्वाधिक धोका, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भिंत किती भिजली याइतकेच ती भिजल्यानंतर किती काळ ओली राहिली, हेही महत्त्वाचे असते.

येथे सूर्याचे गणित समजून घेणे उपयोगी ठरते. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्य शहराच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीला मिळू शकणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा ज्या दिवसांत असतो, त्यातील बहुतेक दिवस आकाश ढगांनी भरलेले असते. पुढे २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जातो. तेव्हापासून २१ मार्चपर्यंत, थेट उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर उन्हाची तिरीपदेखील पडत नाही. ‘ऑक्टोबरच्या उन्हात वाळेल’ हा हिशेब या भिंतीला लागूच होत नाही. ती वाळते ती केवळ वाऱ्यावर.

आणि शहरात नेमका वाराच अडवलेला असतो. दोन इमारतींमधील अरुंद घरगल्ल्या, नळ्यांसाठी ठेवलेले बंदिस्त डक्ट, खिडक्यांबाहेर काढलेल्या जाळ्यांवर अंथरलेले प्लास्टिक, भिंतीला टेकून रचलेले अडगळीचे सामान आणि संरक्षक भिंतीला लागून वाढलेली दाट झाडी यांमुळे हवा खेळती राहत नाही. शेजारी उंच मनोरा उभा राहिला की पूर्वी उन्हात असलेली दक्षिणेची भिंतही सावलीत जाते. अशी भिंत नकाशावर कोणत्याही दिशेला असली तरी देखभालीच्या दृष्टीने ती उत्तरेचीच समजावी.

शेवाळापासून गंजापर्यंत

सावलीतल्या भिंतीवरचे रंग बरेच काही सांगतात. हिरवा थर हा शेवाळाचा असतो. पावसाळ्यानंतर दिसणारे काळे ओघळ हे केवळ धुळीचे नसतात. त्यांत वाळून काळे पडलेले नील-हरित शैवाल मोठ्या प्रमाणात असते. कोकण-गोव्यात भिंतींवर दिसणारा नारिंगी-तांबूस थर अनेकदा ट्रेन्टेपोह्लिया नावाच्या शैवालाचा असतो. ते मुळात हिरव्या शैवालांच्याच वर्गातले, परंतु त्यातील गाजरासारख्या रंगद्रव्यामुळे तांबूस दिसते. ही शैवाले काँक्रीटला तडकाफडकी खात नाहीत. मात्र ती स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतात आणि भिंत नेमकी कुठे वाळत नाही, हे अचूक दाखवितात.

पुढची पायरी लोण्याची. भिंतीतून झिरपणारे पाणी आतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते आणि पाणी उडून गेल्यावर पांढरी भुकटी मागे राहते. त्याबरोबर रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे किंवा वडाचे बी अशाच भेगेत रुजते.

खरे नुकसान मात्र डोळ्यांआड होत असते. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ ते १३ च्या दरम्यान असतो. या अल्कतेमुळे आतील लोखंडी सळयांभोवती एक अतिशय पातळ संरक्षक कवच तयार होते. कोरड्या महिन्यांत हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि ही अल्कता घटवितो. सामू ९ च्या आसपास उतरला की कवच टिकत नाही. त्यानंतर पावसाळ्याची ओल सळईपर्यंत पोचली की गंजण्यास सुरुवात होते. समुद्राजवळच्या इमारतींत खारट हवेतील क्लोराइड या प्रक्रियेला वेग देतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटते, त्याचे ढलपे निखळतात आणि सळई उघडी पडते. मागच्या गल्लीत चालताना छज्जाचा तुकडा डोक्यात पडण्याची भीती असते, ती यामुळेच.

जुन्या घरांनी काय केले?

पावसाच्या प्रदेशातील जुन्या घरबांधणीने ओल अडविण्यापेक्षा पाणी दूर नेण्यावर आणि भिंत वाळू देण्यावर भर दिला होता. कोकणातील कौलारू घराची वळचण भिंतीपासून बरीच पुढे आलेली असते. त्यामुळे पागोळ्या भिंतीवर न पडता अंगणात पडतात. जोते उंच असल्याने उसळलेले पाणी भिंतीपर्यंत पोचत नाही. पावसाच्या तोंडावर असलेल्या बाजूला झावळ्यांची झडपे बांधली जातात. महाबळेश्वरात घरे आणि दुकाने वाळलेल्या गवताने झाकून घेण्याची प्रथा पर्यटकांच्याही परिचयाची आहे. पाऊस संपला की ही आच्छादने उतरविली जातात आणि भिंत मोकळी होते.

चुन्याचा गिलावा आणि दरवर्षीची सफेदी हाही याच व्यवस्थेचा भाग होता. चुना ओल शोषतो तसा ती बाहेरही सोडतो. आतला दगड वाचावा म्हणून वरचा थर झिजू द्यायचा आणि तो पुन्हा द्यायचा, अशी ती पद्धत होती. हा थर काढल्यास काय होते, याचे उदाहरण जुन्या गोव्यात पाहावयास मिळते. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जीझस बॅसिलिकेच्या जांभ्या दगडावरील बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. आज पर्यटकांना परिचित असलेले तिचे तांबडे रूप हे त्याचेच फळ आहे. सच्छिद्र जांभा दगड तेव्हापासून पावसात उघडा आहे. त्याची झीज पाहता गिलावा पुन्हा करावा काय, यावर गोव्यात २०२० पासून जाहीर चर्चा झाली.

आधुनिक इमारतींनी वळचण गमावली, छज्जे आखूड केले आणि गिलाव्याऐवजी सर्व भार रंगावर टाकला. त्या रंगाकडून जे अपेक्षिले जाते, ते तो एकटा करू शकत नाही.

रंग सर्वांत शेवटी

ओल्या भिंतीवर जाड, जलरोधक रंग चढविणे ही सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक महाग पडणारी चूक होय. बाहेरून भिंत बंद होते. परंतु गच्चीतून, फुटलेल्या नळीतून किंवा खिडकीच्या चौकटीतून शिरणारे पाणी आत येतच राहते. बाहेर पडण्याची वाट नसल्याने ते रंगाला फुगे आणते किंवा घराच्या आतल्या भिंतीवर उमटते. म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

पहिले काम पाहणीचे. ती जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असतानाच करावी. पाणी कुठून ओघळते, कोणती नळी गळते, कुठे ओल सर्वांत उशिरा हटते, याची छायाचित्रे तारखेनिशी ठेवावीत. कोरड्या मोसमात दुरुस्ती करताना हाच पुरावा उपयोगी पडतो.

दुसरे काम पाण्याचा उगम बंद करण्याचे. गच्चीचा उतार साधारण शंभरास एक असावा आणि पाणी जाण्याच्या जाळ्या पानांनी तुंबलेल्या नसाव्यात. गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातील गोलाई, ज्याला कारागीर ‘वाटा’ म्हणतात, ती तडकलेली नसावी. कठड्याच्या माथ्याचा उतार आतल्या बाजूला असावा, म्हणजे पाणी बाहेरच्या भिंतीवर उतरत नाही. छज्जाच्या खालच्या कडेला एक अरुंद खाच ठेवलेली असते. तिच्यामुळे थेंब तेथेच तुटून खाली पडतो. रंगाच्या थरांनी ही खाच बुजली की पाणी छज्जाखालून थेट भिंतीकडे धावते. वातानुकूलन यंत्रांचे पाणी भिंतीवर न सोडता नळीने खाली न्यावे. त्या यंत्रांसाठी आणि जाळ्यांसाठी पाडलेली भोके नीट बुजवावीत.

तिसरे काम सफाईचे. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या सौम्य द्रावणाने मारून, ताठ ब्रशाने घासून, भरपूर पाण्याने धुऊन काढावे. अॅसिडचा वापर टाळावा. ते सिमेंट खाते. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे कामगारांना आवर्जून सांगावे. जेथे सळई उघडी पडली आहे तेथे ब्लीचिंगचे द्रावण वापरू नये, कारण त्यातील क्लोराइड गंजाला खतपाणी घालतात. पिंपळाचे रोप नुसते छाटले तर अधिक जोमाने फुटते. त्यामुळे भेग उघडून मूळ काढावे लागते आणि ती भेग पुन्हा भरावी लागते. आवारातील मोठी झाडे मात्र तोडण्याची गरज नसते. भिंतीवर टेकलेल्या फांद्यांची छाटणी पुरेशी असते आणि तीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने करावी.

चौथी पायरी वाट पाहण्याची, आणि हीच बहुधा गाळली जाते. भिंत वाळली की नाही हे तपासण्याची सोपी रीत आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आतून दव धरले असेल किंवा खालचा भाग गडद झाला असेल तर भिंत अजून ओली आहे. सावलीच्या बाजूला ही चाचणी दिवाळीपूर्वी उत्तीर्ण होईलच असे नाही. तेथील रंगकाम जानेवारी ते एप्रिल या काळात करणे अधिक शहाणपणाचे. नवा गिलावा किमान सात दिवस पाण्याने भिजवावा आणि त्यावर रंग देण्यापूर्वी साधारण महिनाभर जाऊ द्यावा.

त्यानंतर भेगा आणि निखळलेले काँक्रीट यांची दुरुस्ती होते. गंजलेली सळई नुसत्या सिमेंटने झाकू नये. सभोवारचे सैल काँक्रीट फोडून, सळई घासून, तिला गंजरोधक लेप देऊन मगच पॉलिमरयुक्त मसाला भरावा. सर्वांत शेवटी शैवालरोधक आणि आतली वाफ बाहेर जाऊ देणारा रंग द्यावा.

खर्च कोणी सोसायचा?

वाद होतो तो येथे. तळमजल्याच्या सभासदाला गच्चीची गळती आपली वाटत नाही आणि दर्शनी बाजूच्या सभासदाला मागची भिंत दिसत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याची गळती, तसेच बाहेरच्या सामाईक नळ्यांमुळे होणारी गळती यांच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेने करावयाचा असतो. सदनिकेतील न्हाणीघर, शौचालय वा मोरीतून होणाऱ्या गळतीची जबाबदारी त्या सभासदाची असते. बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमविण्याची तरतूदही त्यात आहे. हे निधी कागदावरच राहिले तर दुरुस्तीच्या वेळी एकदम मोठी वर्गणी काढावी लागते आणि काम लांबते.

संरचनात्मक तपासणीबाबतही उपविधी मोघम नाहीत. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ (ब) नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. या तपासणीत हातोडीसारख्या उपकरणाने काँक्रीटची पृष्ठीय ताकद, ध्वनिलहरींनी त्याची घनता आणि विद्युत विभव मोजून सळयांच्या गंजाची शक्यता पाहिली जाते. चाचण्यांसाठी जागा निवडताना दर्शनी खांबांबरोबर मागच्या सावलीतील भागाचाही समावेश करण्याचा आग्रह संस्थेने धरावा.

ओल वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली आणि तपासणीत इमारत ‘सी-१’ वर्गात गेली, म्हणजे ती तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी ठरली, तर प्रश्न रंगाचा किंवा वर्गणीचा उरत नाही. बिऱ्हाड कुठे हलवायचे, मुलांची शाळा कशी सांभाळायची आणि परत येण्याची खात्री कोणी द्यायची, हे प्रश्न उभे राहतात. शेवाळाचा थर आणि ही नोटीस यांच्यामध्ये सहसा बऱ्याच वर्षांचे अंतर असते. त्या वर्षांतला एखादा कोरडा मोसम मागच्या भिंतीसाठी राखून ठेवला, तर नोटिशीची वेळ पुष्कळ पुढे ढकलता येते. रंगाच्या छटा निवडण्यापूर्वी कार्यकारिणीने इमारतीच्या मागच्या बाजूला एक फेरी मारावी आणि अंदाजपत्रकातील पहिला आकडा त्या बाजूसाठी लिहावा.