चपटं चाक आणि सोनेरी टिप

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे कार्यशाळेचा इतिहास चार ओळींत सांगता येतो. खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अरुंद रूळ टाकले, त्यावरचे डबे सुरुवातीला बैल ओढत. सयाजीरावांच्या काळात, १९१९ मध्ये, अरुंद रुळांवरच्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी ही कार्यशाळा निघाली. संपादकांना हवं होतं ते एवढंच. मी मात्र चाकं कातायच्या लेथपाशीच रेंगाळलो.

जोराचा ब्रेक लागून चाक जाम झालं की ते रुळावर घसटत जातं. घसटलेली जागा क्षणात सातशे-आठशे अंशांपुढे तापते आणि आतलं थंड पोलाद ती उष्णता तितक्याच झटक्यात ओढून घेतं. लोहार पोलादाला पाणी देतो, तेच इथे पाण्यावाचून होतं. मार्टेन्साइटचा चपटा डाग उरतो, मूळ चाकाच्या दुपटीहून कठीण.

कातायला टंगस्टन कार्बाइडची टिप. तिच्यावर आधी टायटॅनियम कार्बोनायट्राइडचा थर, तो घासणं सोसतो. मग ॲल्युमिनाचा, तो उष्णता अडवतो. वर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर, तो उडालेला दिसला की कोपरा वापरला गेलाय हे कळतं. सगळे थर मिळून दहा-वीस मायक्रॉन! सलग कापात या पातळ कवचाचं काम बघत राहावं असं असतं: चिप निळी पडून निघते, धार शाबूत.

चपट्या चाकावर मात्र दर फेऱ्याला टिप डागावर आपटून टक्क आवाज येतो. हे थर हजारेक अंशांना चढवलेले असतात. थंड होताना ते कार्बाइडपेक्षा जास्त आकसतात आणि त्यांना बारीक तडे जातात. आघाताने तेच तडे वाढतात, थर सुटतो, मागोमाग धारेचा टवका उडतो. पीव्हीडी पद्धतीने चढवलेला पातळ थर आघात बरा सोसतो, पण लवकर झिजतो. कठीण पोलादासाठी नावाजलेलं सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) महाग, शिवाय धारेला ठिसूळ. म्हणून जाणता टर्नर डागाशी झुंजत नाही, कट खोल लावून डागाच्या खालून जातो. टिप वाचते, पण चाकाभोवतीचं चांगलं पोलाद फुकट जातं, आणि जोडीचं चाकही त्याच व्यासाला आणावं लागतं.

बडोद्यात कलाभवनाच्या तंत्रशिक्षणाची परंपरा १८९० पासूनची आहे. टिपांवर प्रबंध लिहिणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांना एकच विनंती: चाचणीला एकसारखा कडक केलेला गुळगुळीत दांडा पुरे झाला, आता भंगारातलं एखादं चपटं चाक मागून घ्या.