बंदुकीची लहानशी कमान

पुणे-सातारा रस्त्यावरील वरवे बुद्रुक हें भोर तालुक्यांतील गांव. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखांत रात्रीं रानडुकरें पिकांत शिरतात. पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या १३ व्या कलमांत आहे. अशी बंदूक ज्या घरांत असते, तेथें घोडा घट्ट झाला किंवा स्क्रू सैल झाला, कीं सुट्टींत शहरांतून आलेला सुशिक्षित मुलगा पेचकस घेऊन बसतो. घड्याळ उघडावें तशी बंदूकहि उघडावी, असें त्याला वाटतें. हा समज धोक्याचा होय.

पहिली गोष्ट अशी, कीं ठासणीची बंदूक भरलेली आहे कीं नाहीं, हें बाहेरून दिसत नाहीं. मागच्या हंगामांत ठासलेला बार नळींत तसाच असूं शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिल्यास कित्येक वर्षांनींहि पेट घेते. टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असें नव्हे.

दुसरा धोका कमानीचा. घोड्याच्या आंत दुमडलेल्या पोलादी पट्टीची कमान असते. चाप ओढतांच घोडा टोपीवर जोरानें आपटावा, एवढी शक्ति तिच्यांत सांठवलेली असते. घोडा पाडलेला असतांहि ती पुरती सैल होत नाहीं. चुकीचा स्क्रू काढतांच ती शक्ति एका क्षणांत मोकळी होते, आणि कमान किंवा तिचा तुकडा वाकून पाहणाराच्या तोंडावर उडतो. पोलादाचा बारीक कण डोळ्यांत शिरला तर कधीं कधीं फारसें दुखतहि नाहीं, आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. परंतु आंत राहिलेलें लोखंड हळूहळू गंजून दृष्टिपटलास बाधतें, व पुढें नजर जाऊं शकते. म्हणून डोळा चोळूं नये, रुतलेला कण ओढूं नये. डोळ्यावर दाब येणार नाहीं असें वाटीसारखें झांकण ठेवून तत्काळ नेत्रवैद्याकडे जावें.

तिसरा धोका याहून शांत आहे. उडालेला स्क्रू फरशीच्या फटींत नाहींसा होतो आणि त्याच्या जागीं खिळा येतो. किंवा चाप जड वाटतो म्हणून घोडा अडवणारी खाच कानशीनें घांसली जाते. ओढलेला घोडा चुकून सुटूं नये, हेंच त्या खाचेचें काम. केसभर धातु कमी झाला, तरी बंदूक भिंतीला टेकवतांना बसलेल्या धक्क्यानेंहि बार उडूं शकतो. त्या वेळीं समोर कोण उभें असेल, याचा नेम नसतो.

कायदाहि येथें स्पष्ट आहे. त्याच कायद्याचें ५ वें कलम परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करण्यास मनाई करतें. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा, आणि ती दुरुस्त करण्याचा वेगळा.

तेव्हां घरच्यांनीं करावयाचें काम थोडकें आहे. बंदूक कोरडी व कुलुपांत ठेवावी, ती नेहमीं भरलेलीच समजावी, आणि नळीचें तोंड कोणाकडेहि करूं नये. बिघाड दिसल्यास ती परवानाधारक कारागिराकडे न्यावी. तोहि प्रथम नळी तपासतो, डोळ्यांवर चष्मा चढवतो, कमान चिमट्यांत आवळतो, आणि मगच पहिला स्क्रू फिरवतो.