सिलिकॉनच्या शरीराच्या संग्राह्य ॲक्शन फिगर : अंगस्थिती आणि टिकाऊपणा यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

खेळण्यांच्या इतिहासात १९६४ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. या वर्षी अमेरिकेतील हॅसब्रो या कंपनीने 'जी. आय. जो' हा सुमारे बारा इंच उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या व्यापारी भीतीपोटी त्यास बाहुली न म्हणता 'ॲक्शन फिगर' म्हणण्यात आले आणि पुढे हीच संज्ञा सर्वत्र रूढ झाली. या सैनिकाचे वेगळेपण त्याच्या सांध्यांत होते. त्यास एकवीस हलते भाग असल्याची जाहिरात केली जात असे. मात्र या सोयीची किंमत डोळ्यांना मोजावी लागत होती. खांदा, कोपर, गुडघा अशा प्रत्येक ठिकाणी प्लास्टिकचे तुकडे जोडल्याची फट स्पष्ट दिसत असे व कपड्यांवाचून ती आकृती मानवी देहापेक्षा यंत्राच्याच अधिक जवळची वाटे.

ही फट नाहीशी करण्याचा प्रयत्न म्हणजे अखंड त्वचेची फिगर होय. २०१० नंतरच्या दशकात फायसेन व पुढे टीबीलीग या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या चिनी उत्पादकाने एक-षष्ठांश मापाची, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची अशी शरीरे प्रौढ संग्राहकांमध्ये लोकप्रिय केली. यांत आत स्टेनलेस स्टीलचा सांधेयुक्त सांगाडा असतो व त्यावर मऊ, सलग त्वचेचे आवरण ओतलेले असते. अशी फिगर कोणत्याही अंगस्थितीत, ज्यास रूढ भाषेत पोझ म्हणतात त्या स्थितीत, ठेवता येते असे सांगून ती विकली जाते. प्रस्तुत लेखात या दाव्याचा पदार्थविज्ञानाच्या अंगाने विचार केला आहे. फिगर एखाद्या अंगस्थितीत ठेवणे म्हणजे तिच्या त्वचेवर एक भार कायम ठेवणे होय, आणि तिचे आयुष्य बव्हंशी या भारावरच ठरते, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

पूर्वपीठिका :

धातूचा सांगाडा व त्यावर मऊ त्वचा ही कल्पना नवी नाही. १९३३ साली प्रदर्शित झालेल्या 'किंग काँग' या चित्रपटासाठी मार्सेल डेलगाडो यांनी तयार केलेल्या वानराच्या प्रतिकृतीत धातूचा, गोलक-खोबणीच्या सांध्यांचा सांगाडा होता आणि त्यावर रबर व सशाची फर चढविलेली होती. त्यांपैकी एक प्रतिकृती २००९ साली लंडनमध्ये लिलावात विकली गेली, तेव्हा तिचा केवळ सांगाडा शिल्लक उरला होता. कातडे केव्हाच झडून गेले होते.

खेळण्यांच्या बाबतीतही हेच घडले. १९७४ साली अमेरिकेत जी. आय. जो यास वस्तू पकडता याव्यात म्हणून मऊ पदार्थाचे हात देण्यात आले. आज जुन्या बाजारात अशा फिगरचे धड सुस्थितीत व बोटे मात्र तडकलेली वा तुटलेली आढळतात. १९७६ मध्ये केनर या कंपनीने आणलेल्या 'स्ट्रेच आर्मस्ट्राँग' या ताणता येणाऱ्या पहिलवानाची त्वचा लॅटेक्सची होती व आत मक्याचा दाट पाक भरलेला होता. लॅटेक्स कालांतराने ठिसूळ होऊन पाक बाहेर येऊ लागला, त्यामुळे न गळणारा जुना नमुना दुर्मिळ झाला आहे. ज्या अवयवाने खेळण्यास जिवंतपणा दिला तोच प्रथम गेला, असे या उदाहरणांवरून दिसते.

पदार्थाचे स्वरूप :

वरील ऱ्हासाचे कारण रसायनशास्त्रात आहे. नैसर्गिक रबर व लॅटेक्स यांच्या कार्बनच्या साखळीत द्विबंध असतात. हवेतील ओझोन व ऑक्सिजन या द्विबंधांवर आघात करतात आणि ताणलेल्या रबरावर हा परिणाम अधिक वेगाने होतो. सिलिकॉनची साखळी मुळातच वेगळी आहे. तिच्यात सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू आलटून-पालटून येतात, द्विबंध नसतात आणि हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा अधिक बळकट असतो. त्यामुळे ओझोन, सूर्यप्रकाश व सर्वसाधारण उष्णता यांना सिलिकॉन दीर्घकाळ दाद देत नाही. लॅटेक्सचे वानर जसे झडले तसे सिलिकॉनचे झडणार नाही, हा संग्राहकांचा विश्वास या मर्यादेत योग्यच आहे.

तथापि येथे एक गफलत होते. बाजारात सिलिकॉन म्हणून ओळखले जाणारे प्रत्येक शरीर सिलिकॉनचे नसते. त्यांतील काही शरीरे उष्णतेने मऊ होणाऱ्या रबरसदृश प्लास्टिकची, म्हणजे टीपीईची असतात. हातास दोन्हींचा स्पर्श जवळजवळ सारखाच लागतो, पण अंतर्रचना भिन्न असते. पक्व सिलिकॉनमध्ये साखळ्या एकमेकींशी रासायनिक बंधाने जखडलेल्या असतात, म्हणून एकदा घट्ट झालेले सिलिकॉन पुन्हा वितळत नाही. टीपीईमध्ये हे जखडणे केवळ भौतिक स्वरूपाचे असते. साखळ्यांची टोके एकत्र येऊन गाठी बनतात व उष्णतेने त्या सुटतात. शिवाय हवा तेवढा मऊपणा आणण्यासाठी त्यात खनिज तेल मिसळलेले असते. हे तेल हळूहळू पृष्ठभागावर येते, त्वचा चिकट होते व धूळ धरते. विक्रेत्याने योजलेल्या एका शब्दामागे दोन अगदी वेगळ्या आयुष्यांचे पदार्थ दडलेले असतात, ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही.

अंगस्थिती आणि त्वचेवरील ताण :

मनुष्याच्या कोपराची जाडी ९ सेंटिमीटर धरली तर एक-षष्ठांश मापात ती १५ मिलिमीटर होते. सांध्याचा आस मध्यभागी मानल्यास बाहेरील त्वचा त्यापासून ७.५ मिलिमीटर अंतरावर असते. कोपर काटकोनात वाकविले की बाहेरच्या बाजूस सुमारे ११.८ मिलिमीटर जादा लांबी लागते. ही वाढ ३० मिलिमीटर लांबीच्या त्वचेत वाटली गेली तर ताण सुमारे ३९ टक्के होतो. परंतु त्वचा सांगाड्याला जवळच चिकटलेली असेल व ती वाढ १५ मिलिमीटरमध्येच सामावावी लागली तर तोच ताण सुमारे ७९ टक्क्यांवर जातो. मनुष्याच्या कोपरावरील कातडी सैल असते व हाडावरून सरकते. फिगरच्या त्वचेस ही मुभा बहुधा नसते.

मऊ सिलिकॉन तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले जाऊ शकते. मग ७९ टक्क्यांनी बिघडते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. सलग, निर्दोष त्वचेच्या बाबतीत फारसे काही बिघडत नाही. अडचण निर्माण होते ती चिरेमुळे. सिलिकॉन भरपूर ताणले जात असले तरी फाटण्यास त्याचा विरोध नैसर्गिक रबराच्या तुलनेत कमी असतो. नखाचा ओरखडा, पोशाखाच्या बक्कलची कडा, चेनचे टोक किंवा आतून सांगाड्याच्या स्क्रूचे डोके यांपैकी कशानेही सूक्ष्म चीर पडली की ताणाचा सारा जोर तिच्या टोकाशी एकवटतो आणि ती वाढू लागते. सरळ हातावरची चीर वर्षानुवर्षे तशीच राहील, पण तीच चीर वाकलेल्या कोपरावर असेल तर काही दिवसांत दिसण्याजोगी होऊ शकते. काखेत, मनगटाशी व घोट्याशी त्वचा पातळ असल्याने धोका तेथे सर्वाधिक असतो. तलवार उगारून एक गुडघा टेकलेला योद्धा काचेच्या कपाटात शोभून दिसतो खरा, मात्र त्याची काख, कोपर आणि गुडघा अहोरात्र ताणलेले असतात.

वाकलेल्या सांध्याच्या आतील बाजूस याच्या उलट घडते. तेथे त्वचा दाबली जाऊन तिला वळी पडते. चांगल्या प्रकारे पक्व झालेले सिलिकॉन मोकळे केल्यावर बहुतांशी पूर्ववत होते. टीपीईमध्ये मात्र गाठी हळूहळू सरकतात आणि वळी कायमची उमटते. अशा फिगरचा हात काही महिन्यांनी सरळ केला तरी कोपराच्या खळगीतील रेघ तशीच राहते.

आकारमानाचा एक मुद्दा येथे विचारात घ्यावा लागतो. वस्तूचे माप वाढले की अवयवाच्या वजनामुळे सांध्यावर पडणारे वळणबळ मापाच्या चौथ्या घाताने वाढते, तर ताणलेल्या त्वचेचे परत खेचणारे वळणबळ तिसऱ्या घाताने वाढते. म्हणजे माप जितके लहान तितका त्वचेच्या ओढीचा वाटा वजनाच्या तुलनेत मोठा. पूर्णाकृती देहाच्या तुलनेत एक-षष्ठांश फिगरमध्ये हा वाटा सहापट होतो. उचललेला हात खाली येतो तेव्हा संग्राहक त्याच्या वजनास दोष देतो, पण तो बव्हंशी त्वचेच्या ओढीने परत फिरलेला असतो. याकरिताच अशा शरीरांत धातूचे, घट्ट घर्षणाचे सांधे वापरावे लागतात.

पण घर्षणाने टिकणारा सांधा घर्षणानेच झिजतो. प्लास्टिकच्या फिगरचा सांधा सैल झाल्यास तो उघडून घट्ट करता येतो वा त्यात लाखेचा हलका थर देता येतो. अखंड त्वचेच्या फिगरमध्ये हे शक्य नाही. शिवण नाही म्हणजे आत जाण्याची वाटही नाही. सांध्यापर्यंत पोचावयाचे तर त्वचा कापावी लागते, आणि कापलेली त्वचा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ज्या अखंडतेसाठी अधिक पैसे मोजले जातात तीच दुरुस्तीच्या आड येते. या विसंगतीची दखल उत्पादकांच्या माहितीपत्रकांत घेतली जात नाही, हे खटकते.

स्पर्श, कपडे व स्वच्छता :

गडद रंगाच्या कापडाचा, विशेषतः काळ्या चामड्याचा वा निळ्या डेनिमचा रंग मऊ त्वचेत शिरतो व धुतल्याने जात नाही. प्रदर्शनाव्यतिरिक्तच्या काळात पोशाख उतरवून ठेवणे किंवा आत पांढऱ्या कापडाचा पातळ थर घालणे हाच त्यावरील खरा उपाय होय. कोमट पाणी व सौम्य साबणाने त्वचा स्वच्छ करून, पूर्ण वाळवून तीवर मक्याच्या पिठाचा अगदी हलका हात फिरविल्यास चिकटपणा कमी होतो. सिलिकॉन हे पेट्रोल, टोल्यूइन यांसारख्या द्रावकांत फुगते, म्हणून डाग काढण्यासाठी ते वापरू नयेत. सांधा सुरळीत व्हावा म्हणून सिलिकॉनचे तेल सोडणे हीदेखील चूकच आहे, कारण सजातीय असल्याने ते तेल त्वचेतच मुरते व तिला फुगवून दुबळे करते.

मांडणी व साठवण :

ग्रीक शिल्पकारांनी ब्राँझमध्ये एका पायावर भार दिलेल्या आकृती घडविल्या. रोमन काळात त्यांच्या संगमरवरी प्रती निघाल्या तेव्हा पायाशी झाडाचे खोड कोरावे लागले, कारण संगमरवरास तो भार पेलत नव्हता. कोणती अंगस्थिती शक्य आहे हे शेवटी पदार्थच ठरवितो. फिगरसाठी मिळणारा आधारदंड हे त्या खोडाचेच आधुनिक रूप म्हणता येईल. मात्र त्याचा तारेचा चिमटा मांड्यांच्या मध्ये रुततो, म्हणून त्यावर कापड गुंडाळणे इष्ट.

दीर्घकाळ साठवताना सांधे पूर्ण ताठ ठेवण्यापेक्षा ज्या स्थितीत त्वचा ओतली गेली त्या स्थितीच्या जवळ ठेवावेत. ही स्थिती बहुतेकदा हात किंचित दूर व पाय थोडे फाकलेले अशी असते आणि नव्या फिगरच्या खोक्यातील मांडणीवरून ती ओळखता येते. कपाटातील नाट्यमय पवित्रा काही आठवड्यांनी बदलावा. तो बदलताना हाताचे वा पायाचे टोक न ओढता सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरून सावकाश वाकवावे. थंडीत हे विशेष पाळावे, कारण टीपीई थंडीत काहीसे कडक होते. सिलिकॉनवर तेवढ्या थंडीचा परिणाम होत नाही.

त्वचा फाटलीच तर दुरुस्तीपूर्वी तिचा पदार्थ ओळखणे अपरिहार्य ठरते. सिलिकॉनला केवळ सिलिकॉनचाच चिकटद्रव धरतो. नेहमीचे गोंद त्यावर वाळून पापुद्र्यासारखे निघून येतात. टीपीईची फट उलट उष्णतेने सांधता येते. परीक्षेसाठी मानेच्या खुंटीखाली झाकला जाणारा एखादा कण घेऊन त्यास तापविलेल्या सुईचे टोक लावावे. तो वितळून तार धरू लागला तर टीपीई समजावे. सिलिकॉन वितळत नाही व थेट ज्योतीत धरल्यास जळून पांढरी राख मागे ठेवते.