तुलनेचा गट

प्रयोगशाळेत आपण दोन लंबक टांगतो. एकाची लांबी बदलतो, दुसऱ्याची तशीच ठेवतो. तुलनेला ठेवलेल्या लंबकाचे काही बिघडत नाही. पण त्याच्या जागी माणूस असेल तर?

आमच्या वाशीमहून दक्षिणेला, मराठवाड्यात, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्हा आहे. तेथील खेड्यांत १९९९ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग हळूहळू वाढतो. त्याची पूर्वचिन्हे तपासणीत सापडली, तर उपचाराने तो टळतो. कोणती तपासणी सरस, हे ठरवायचे होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांनुसार चार गट पाडले. तीन गटांना तीन निरनिराळ्या तपासण्या. चौथ्या गटाला तपासणी नाही, ती कोठे होते एवढी माहिती फक्त. हा तुलनेचा गट.

निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या विषाणूची तपासणी ज्या गटाला मिळाली, त्यातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. तुलनेच्या गटात ३१,४८८ पैकी ६४. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच तपासणी पहिल्या पसंतीची ठरवली.

काही डॉक्टरांनी आक्षेप घेतला. पेशी तपासून हा रोग ओळखण्याची रीत १९४० च्या दशकापासून ठाऊक होती. श्रीमंत देशात असा गट कोणी ठेवला असता काय? संशोधकांचे म्हणणे असे, की या खेड्यांत तपासणीची सोय मुळात नव्हतीच, आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही. हे खोटे नाही. मला मात्र ते अपुरे वाटते. सोय नव्हती, यात त्या बायकांचा काय दोष?

तुमचाही दोष नाही. तेव्हा तुम्ही जन्मला नव्हता. पण उद्या तुमच्या आईची एखाद्या शहरात ही तपासणी झाली, तर त्या ज्ञानात चौथ्या गटाचाही वाटा असेल. ते ज्ञान टाकून दिल्याने कोणी वाचणार नाही. देणे मात्र राहतेच, आणि ते अशाच खेड्यांचे. ते किती फिटले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत अशी कोणतीही तपासणी झालेल्या दोघीही नव्हत्या. सरकारने २०१६ मध्ये आखलेल्या कार्यक्रमात सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त तपासणी निवडली. मुंबईच्या एका अभ्यासात तिने मृत्यू घटले होते. उस्मानाबादेत मात्र तिचा फारसा गुण दिसला नव्हता.

तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात यांपैकी कोणती तपासणी होते, की एकही नाही, हे आईबरोबर जाऊन विचारून या.