कोरियाचें भातकोठार : जोल्ला प्रांतांतील जमीन, पाणी व दप्तर

कोरिया देशाची वार्ता आपल्याकडे येते ती बहुधा लढाईची, मोटारींची किंवा अलीकडे नाटक-सिनेमांची. तेथील कास्तकार सारा कसा भरी, त्याची जमीन कोणाच्या नांवें लागली होती व ती पुढें त्याच्या नांवें कशी झाली, याविषयीं मराठींत फारसें कांहीं आमच्या वाचण्यांत आलें नाहीं. म्हणून त्या देशाच्या एकाच प्रांताची हकीकत आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा प्रांत म्हणजे दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्य भागांतील उत्तर जोल्ला. भाताचें कोठार अशी त्याची ख्याति आहे. आमचें आयुष्य दप्तराशीं गेल्यामुळें आम्हांस त्या भातापेक्षां त्याच्या मालकीचीच कथा अधिक लक्षांत घेण्यासारखी वाटली, हें येथेंच सांगून ठेवितों.

प्रांताचें क्षेत्रफळ सुमारें 8,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून किंचित् मोठें. पूर्वेस सोबेक डोंगरांची रांग व पश्चिमेस पीत समुद्र, अशी ठेवण ऐकतांच कोंकण डोळ्यांपुढें उभें राहील. परंतु कोंकणांत नाहीं अशी एक गोष्ट येथें आहे. डोंगर व समुद्र यांच्या दरम्यान विस्तीर्ण सपाट मैदान पसरलें आहे. त्यास होनाम मैदान म्हणतात. मानग्योंग व दोंगजिन या दोन लहानशा नद्या त्यांतून वाहतात. कोरियाचा बहुतेक प्रदेश डोंगराळ असल्यामुळें, जेथें जमीन आभाळास टेकलेली दिसते असें स्थळ म्हणून या मैदानांतील गिमजे हें नगर त्या देशांत प्रसिद्ध आहे. सोलापुराकडच्या माणसास यांत नवल तें काय वाटावें! पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. भात निघाल्यावर कित्येक ठिकाणीं त्याच खाचरांत जव पेरितात. तो थंडींत तग धरून उन्हाळ्याच्या तोंडीं काढणीस येतो. जमिनीचें जुनें माप 'माजिगी' होय. एक 'माल' बियाणें ज्या खाचरास पुरेल तेवढी एक माजिगी. हल्लीं भातजमिनीची माजिगी सर्वसाधारणपणें 200 प्योंग, म्हणजे आपले सुमारें साडेसहा गुंठे, धरितात. अमुक मणांचें शेत असें म्हणण्याची चाल ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें माप परकें वाटणार नाहीं.

जोल्ला हें नांव 1018 सालापासूनचें आहे; जोनजू व नाजू या दोन नगरांच्या नांवांतील एकेक अक्षर घेऊन तें झालें. 1896 सालीं प्रांताचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. उत्तर भागाचें मुख्य ठाणें जोनजू. हाताखालीं 6 नगरें व 8 परगणे असून, परगण्यांत कसबे व गांवांचे गट, आणि गटांत गांवें, अशी उतरंड आहे. प्रांताचा मुख्याधिकारी 1995 पासून लोकांच्या मतांनीं निवडला जातो. 18 जानेवारी 2024 रोजीं या प्रांतास विशेष स्वायत्ततेचा दर्जा मिळाला व त्याचें सरकारी नांव जोनबुक असें झालें.

आतां पाण्याकडे वळूं. गिमजे येथें ब्योक्गोल्जे नांवाचा प्राचीन तलाव होता. त्याचा बांध इसवी सन 330 मध्यें घातल्याची नोंद कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथांत आहे. हा मातीचा बांध सुमारें 3 किलोमीटर लांब असून त्याच्या मोऱ्यांचे दगडी खांब अजून उभे आहेत. नद्या लहान व मैदान मोठें, म्हणून ज्याच्या हातीं बंधारा त्याच्या हातीं पीक, ही स्थिति तेथें फार जुनी आहे. एका बंधाऱ्यापायीं तेथें केवढा अनर्थ झाला तें पाहण्यासारखें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मैदानांतील गोबू परगण्यावर जो ब्योंगगाप नांवाचा अंमलदार होता. दोंगजिन नदीवर पूर्वींचा बंधारा असतांना त्यानें रयतेकडून वेठीनें त्याच्या खालीं दुसरा बंधारा बांधविला. त्याचें नांव मानसोकबो. नव्या बंधाऱ्यामुळें पावसाळ्यांत वरच्या अंगाचीं शेतें बुडूं लागलीं. तरीही त्याच्या नांवानें जबर पाणीपट्टी बसली. पडीक जमीन मोडून लागवड केल्यास सारा माफ, असें सांगून सुगी येतांच तोही सारा वसूल केला. आणि स्वतःच्या बापाच्या नांवानें शिलालेखाची छत्री उभारण्यासाठीं पुन्हां पट्टी. ज्या पाण्याचा उपयोग नाहीं त्याची पट्टी भरण्याइतका जाच शेतकऱ्यास दुसऱ्या कशाचाही होत नाहीं, असें आमचें मत आहे. वसुलाचा आंकडा पुरा भरला म्हणजे वरचा कामगार खूष होतो. परंतु तो कसा भरला हें त्या आंकड्यांत दिसत नाहीं.

रयतेनें अर्ज केले, ते व्यर्थ गेले. तेव्हां 1893 च्या नोव्हेंबरांत कांहीं मंडळींनीं एक गुप्त पत्रक काढिलें. त्यावरील सह्या ओळीनें न करितां वाडग्याच्या कडेप्रमाणें गोलाकार केल्या होत्या, हेतु हा कीं पहिली सही कोणाची व म्होरक्या कोण, हें सरकारास कळूं नये. दप्तरांत उभा जन्म गेलेल्या माणसासही ही युक्ति वाखाणावीशी वाटते. 1894 च्या फेब्रुवारींत जोन बोंगजून नांवाच्या पुढाऱ्यामागें शेतकरी गोबूच्या कचेरीवर चालून गेले, अंमलदार पळाला, पाणीपट्टीचें भात बाहेर काढून परत वांटलें व तो नवा बंधारा फोडला. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्यानें उलट रयतेसच छळिलें, तेव्हां वणवा पसरला. 31 मे रोजीं जोनजू शहर शेतकऱ्यांच्या हातीं आलें. पुढें तह होऊन प्रांतांत ठिकठिकाणीं लोकांच्याच कचेऱ्या कारभार पाहूं लागल्या. परंतु घाबरलेल्या दरबारानें चीनची फौज बोलाविली. ती येतांच जपाननेंही न बोलावतां आपली पाठविली, आणि त्या दोन राष्ट्रांचें युद्ध कोरियाच्या भूमीवर जुंपलें. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानी बंदुकांपुढें शेतकऱ्यांचा मोड झाला. जोन बोंगजून 1895 सालीं फांशीं गेला. या उठावाचे कागदपत्र 2023 सालीं युनेस्कोनें जगाच्या स्मरणीय दप्तरांत दाखल करून घेतले आहेत.

1910 पासून 1945 पर्यंत कोरिया जपानच्या ताब्यांत होता. नव्या सरकारनें पहिलें मोठें काम हातीं घेतलें तें जमीनमोजणीचें. तें 1918 सालीं पुरें झालें. मोजणी वाईट, असें आम्ही कसें म्हणूं? नकाशा व खातें यांवांचून शेतकऱ्याचें संरक्षण नाहीं. परंतु खातें उघडतांना लेखणी कोणाच्या बाजूस झुकते, यावर सर्व अवलंबून असतें. ज्यानें मुदतींत मालकीचें निवेदन दिलें त्याचें नांव लागलें. राजाच्या व लष्करी ठाण्यांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांचा वहिवाटीचा हक्क मात्र पुस्तकांत चढला नाहीं. त्या जमिनी सरकारजमा झाल्या व त्यांपैकीं पुष्कळशा जपानी वसाहतवाल्या कंपनीकडे व शेटसावकारांकडे गेल्या. मैदानांतील भात 1899 सालीं खुल्या झालेल्या गुनसान बंदरांतून जपानास जाऊं लागलें. जोनजूपासून गुनसानपर्यंत पक्की सडक झाली, रेल्वे झाली, कालवे झाले. या सुधारणा खऱ्या, पण कुळास निम्मा खंड घालून वर पाण्याची पट्टी सोसावी लागे, आणि भात पिकविणारा मांचुरियांतून आणलेल्या राळ्यावर दिवस काढी. गुनसानला त्या काळची जकातकचेरी अजून दाखवितात.

स्वातंत्र्यानंतर जें झालें तें आमच्या वाचकांनीं नीट पाहावें. जपानी मालकांच्या जमिनी 1948 सालीं कसणारांस विकण्यांत आल्या. देशी जमीनदारांसाठीं 1949 सालीं कायदा होऊन 1950 च्या वसंतांत त्याचा अंमल सुरू झाला. कोणाही कुटुंबास 3 जोंगबोंहून, म्हणजे सुमारें साडेसात एकरांहून, अधिक शेतजमीन ठेवितां येईना. किंमत ठरली ती मुख्य पिकाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दीडपट. ती कुळानें दरसाल उत्पन्नाचे 30 टक्के याप्रमाणें 5 वर्षें धान्यानें फेडावयाची. हिशेब साधा आहे. जो कालपर्यंत निम्मा खंड घालीत होता तो आतां त्याहून कमी घालूं लागला, आणि पांच वर्षांनीं जमीन त्याची. जून 1950 मध्यें युद्ध पेटलें, महागाई भडकली व जमीनदारांस मिळालेल्या रोख्यांची किंमत मातीमोल झाली. हा अन्यायही नमूद केला पाहिजे. आपल्याकडे 1948 चा कूळकायदा व 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन यांतून हेंच काम झालें, तें कोर्टकचेऱ्यांच्या वाटेनें व पुष्कळ सावकाश. कोरियाच्या आजच्या राज्यघटनेंतही कसेल त्याची जमीन हें तत्त्व शब्दशः घातलेलें आहे. 1965 सालीं सोमजिन नदीवरील धरण पुरें होऊन तिचें पाणी बोगद्यानें या मैदानाकडे वळविलें. आपल्या कोयनेचें पाणी पश्चिमेस फिरवून वीज काढितात, तसाच हा प्रकार, फक्त वीज काढल्यावर तेथील पाणी शेतास मिळतें.

डोंगराळ पूर्व भागाची तऱ्हा निराळी. इमसिल परगण्यांत 1964 सालीं बेल्जियमचा एक पाद्री आला. जमीन थोडी व गवत मुबलक, हें पाहून त्यानें गरीब शेतकऱ्यांस शेळ्या पाळण्यास लाविलें, आणि दूध खपेना तेव्हां 1967 सालीं चीज करण्यास आरंभ केला. आज इमसिल हें नांव कोरियांत चीजशीं जोडलेलें आहे. सुनचांग परगणा मिरचीच्या आंबविलेल्या चटणीसाठीं आणि जांगसू सफरचंदांसाठीं प्रसिद्ध आहे.

मैदानांत मात्र अलीकडे उलटीच अडचण उभी राहिली. कोरियन माणूस 1970 सालीं वर्षाकांठीं 136 किलो तांदूळ खाई, तो 2023 सालीं 56 किलोंवर आला. सरकार भाताच्या खाचरांत दुसरें पीक घेणारांस पैसे देतें, आणि गिमजेच्या खाचरांत सोयाबीन दिसूं लागलें आहे. 1966 सालीं प्रांताची लोकसंख्या 25 लाखांच्या घरांत होती, ती आतां 18 लाखांच्याही खालीं आहे. तरुण सेऊलकडे जातात व मागें म्हातारे राहतात. गुनसानचा मोटारींचा कारखाना 2018 सालीं बंद पडला, तेव्हां शहरांतील रोजगारही आटला.

आणि याच सुमारास भातासाठीं म्हणून समुद्रांतून नवी जमीन काढण्याचें काम चाललें होतें. मानग्योंग व दोंगजिन यांच्या मुखांवर 1991 सालीं बांध घालण्यास सुरुवात झाली व 2010 सालीं 33.9 किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला. त्यास सेमानगुम म्हणतात. आंत सुमारें एक लाख एकर जागा आली. ज्यांनीं आपल्याकडील खारबंदिस्ती पाहिली आहे त्यांनीं तीच कल्पनेनें कित्येक पटींनीं वाढवावी. भरतीओहोटीच्या चिखलांत शिंपले वेंचून राहणाऱ्या कोळ्यांचा धंदा बुडाला. 2003 सालीं बौद्ध भिक्षु व ख्रिस्ती पाद्री मिळून तीन पावलें व एक दंडवत याप्रमाणें 65 दिवसांनीं सेऊलास पोंचले. पण 2006 सालीं वरिष्ठ न्यायालयानें काम चालू ठेवण्यास मुभा दिली. पुढें तांदूळच जास्त होऊं लागला, तेव्हां शेतीसाठीं राखावयाचा भाग सुमारें 30 टक्क्यांवर आणून बाकीची जागा कारखाने, नगर व वीज यांकडे लाविली. 2023 च्या ऑगस्टांत तेथें जगांतील बालवीरांचा मेळावा भरला, तो उन्हानें व पाण्याचा निचरा न झाल्यानें मोडला.

नव्या जमिनीस सातबारा कोणत्या गांवचा, हा प्रश्न आलाच. गुनसान, गिमजे व बुआन हीं तिन्हीं ठाणीं बांधाच्या मालकीसाठीं भांडलीं. बांधाचा तिसरा व चौथा भाग गुनसानकडे गेला. 2021 सालीं वरिष्ठ न्यायालयानें गुनसानचा दावा फेटाळून पहिला भाग बुआनचा व दुसरा गिमजेचा कायम केला. त्यानंतर आंतील रस्ते व नवें बंदर यांविषयीं तंटा उभा राहिला. जुन्या जमिनींचेंही काम सरलेलें नाहीं. 1910 नंतरच्या मोजणीचे नकाशे व प्रत्यक्ष शेतें यांचा मेळ बसत नसल्यामुळें 2012 पासून देशभर फेरमोजणी सुरू झाली असून ती 2030 पर्यंत पुरी करावयाची आहे. सरकारची मोजणी करणारी संस्था 2013 पासून जोनजू शहरींच आहे.