आयबी डिप्लोमा : दहावीनंतरचा एक महागडा निर्णय

यंदाच्या दिवाळीत सांगलीच्या आमच्या जुन्या घरी सारे कुटुंब जमले होते. फराळ आटोपल्यावर माझ्या नातीने विचारले, "आजोबा, अकरावीला मी आयबी घेऊ का?" ती पुण्यात दहावीत शिकते. प्रश्न मला होता, परंतु माझ्या आधी थोरले बंधू, आमचे दादा, उद्गारले, "त्याचे नाव या घरात काढू नकोस."

दादांचा त्रागा अकारण नव्हता. त्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. त्यांच्या नातवाने काही वर्षांपूर्वी एका शाळेतून हाच अभ्यासक्रम पुरा केला आणि त्यानंतरचे त्याचे एक वर्ष वाया गेले. ते का गेले, हे आपल्या समाजातील पालकांनी समजून घेणे आवश्यक वाटते. आज दुकानदार, अडते आणि कारखानदार कुटुंबांतील मुलेही या वाटेकडे वळू लागली आहेत, आणि बहुतेक घरांत निर्णय शाळेची इमारत पाहून होतो.

प्रथम या अभ्यासक्रमाचे स्वरूप पाहू. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली. परदेशी नोकरीनिमित्त देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांतील मुलांना कोठल्याही देशाच्या विद्यापीठात प्रवेश मिळावा, अशी एक समान परीक्षा असावी, हा तिचा मूळ हेतू. भारतात कोडाईकनाल येथील शाळेने १९७६ मध्ये हा डिप्लोमा सुरू केला. आपल्या पुणे जिल्ह्यात मुळशीच्या डोंगरावर १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजचे निवासी महाविद्यालय आहे. तेथेही हाच डिप्लोमा शिकवला जातो आणि गरजेनुसार शिष्यवृत्तीही मिळते. भारतीय विद्यापीठ संघाने हा डिप्लोमा बारावीशी समकक्ष मानला आहे, तेव्हा "पुढे इथे प्रवेशच मिळणार नाही" ही भीती निराधार आहे.

दोन वर्षांत सहा विषय घ्यावयाचे. साहित्याची एक भाषा, शिकण्याची दुसरी भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा विषय कलेचा किंवा आधीच्या गटांतील आणखी एक. त्यांपैकी सामान्यतः तीन विषय वरच्या पातळीवर, प्रत्येकी सुमारे २४० तास, आणि तीन साध्या पातळीवर, प्रत्येकी सुमारे १५० तास शिकवले जातात. प्रत्येक विषयाला कमाल ७ गुण, म्हणजे एकूण ४२. ज्ञानमीमांसेचा अभ्यास आणि ४००० शब्दांपर्यंतचा संशोधनपर निबंध यांचे मिळून आणखी ३. पंचेचाळीसपैकी किमान २४ गुण आणि इतर काही अटी पूर्ण केल्यास डिप्लोमा मिळतो. याखेरीज सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा या तिन्हींत सुमारे दीड वर्ष काम करावे लागते. त्याला गुण नाहीत, पण ते केल्याविना डिप्लोमाही नाही. आपल्या मुलांना पांजरपोळात जाण्याची सवय असते. तेथील सेवा, नियोजन आणि अनुभवाची नोंद करून शाळेच्या संमतीने केली, तर येथे उपयोगी पडू शकते. एरवी त्यासाठी सुट्टीत विमानाने कोठेतरी "सेवा" करायला जाणारी मुलेही मी पाहिली आहेत. त्याविषयी न लिहिलेलेच बरे.

आता दादांच्या नातवाकडे वळतो. घरात ठरले होते की त्याने सीए व्हावे आणि पेढीकडेही लक्ष द्यावे. शाळेच्या माहितीपत्रकात "बिझनेस मॅनेजमेंट" हा विषय दिसला आणि सर्वांचे समाधान झाले. मी बँकेत चौतीस वर्षे काढली, वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतली, तरी मीही तो अभ्यासक्रम उघडून पाहिला नाही, हे कबूल करतो. आयबीमध्ये पुस्तपालन आणि लेखाकर्म हा विषय नाही. बिझनेस मॅनेजमेंटमध्ये नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद वाचायला शिकवतात, गुणोत्तरे काढायला लावतात, गुंतवणुकीचे मूल्यमापन करायला शिकवतात. परंतु जमा-नावे, रोजकीर्द, खतावणी यांचा सराव तेथे नाही. तयार ताळेबंदावर मुलगा उत्तम टीका करू शके. रोजकीर्दीतून तो तयार करायला सांगितले की अडखळे.

सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी पहिलाच लेखाकर्माचा आहे. प्रत्येक पेपरला किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. त्याच्याबरोबर शिकवणीला बसलेली मुले कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षे हेच करून आलेली होती. हा पहिल्या प्रयत्नात लेखाकर्मातच अडकला. शिवाय आयबीच्या मे महिन्यातील परीक्षेचा निकाल जुलैच्या प्रारंभी लागतो. तोवर आपल्याकडील बारावीचा निकाल लागून महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते. परदेशी विद्यापीठे शाळेने वर्तवलेल्या अपेक्षित गुणांवर सशर्त प्रवेश देतात; येथे प्रत्येक महाविद्यालयाचा नियम निराळा. धावपळीत त्याचा हव्या त्या महाविद्यालयातील प्रवेशही हुकला. शाळेने फसवले असे मी म्हणणार नाही. तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली होती. आम्ही योग्य प्रश्न विचारले नाहीत.

बँकेत कर्जाचे प्रकरण हाती आले की आम्ही प्रथम पाहत असू ते दोन गोष्टींकडे : पैसा कशासाठी हवा, आणि परतफेड कोठून होणार. घराण्याची पत नंतर. मुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. शाळेचे नाव आधी पाहतो आणि अठराव्या वर्षी हा मुलगा कोठे उभा असेल, हे शेवटी.

डॉक्टर व्हायचे असेल, तर नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीव ही तिन्ही शास्त्रे अनिवार्य आहेत. आयबीच्या नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे दोनच विषय बसतात. तिसरा घेण्यासाठी शाळेला खास परवानगी मागावी लागते. ती मिळते, पण प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे. आपल्या मुलांना जीवशास्त्र घेताना प्राण्यांवरील प्रयोगांचा संकोच असतो. त्यासंबंधी आयबीचे धोरण आपल्याला पटण्याजोगे आहे : सजीव प्राण्याला वेदना किंवा त्रास होईल असा प्रयोग तेथे वर्ज्य आहे. अभियांत्रिकीसाठी भौतिक, रसायन आणि गणित एकत्र बसतात. मात्र आयबीचे निबंध आणि जेईईचे शिकवणीवर्ग एकाच मुलाच्या चोवीस तासांत बसतात का, ते त्या मुलालाच विचारावे.

गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत. २०१९ पासून ते "ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस" आणि "ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन" या नावांनी शिकवले जातात. दुसरा सोपा म्हणून मुले त्याकडे धाव घेतात. परंतु परदेशातील अनेक नामांकित विद्यापीठे अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्रासाठी पहिलाच, तोही वरच्या पातळीवर, मागतात. सोळाव्या वर्षी अर्जावर केलेली ही एक खूण पुढची कितीतरी दारे बंद करते.

पैशाविषयी लिहिले नाही तर मी बँकेत होतो हे कोणाला खरे वाटणार नाही. या शाळांचे शुल्क बहुधा वर्षाला काही लाखांच्या घरात असते. बँकांची प्रचलित शैक्षणिक कर्ज योजना बारावीनंतरच्या उच्च शिक्षणासाठी आहे. या दोन वर्षांसाठी ती सामान्यतः लागू होत नाही. कलम ८०ई ची व्याजाची वजावटही उच्च शिक्षणाच्या कर्जालाच होती. म्हणजे हा खर्च पूर्णतः घरच्या गल्ल्यातून. आणि डिप्लोमा परदेशी पदवीची पायरी म्हणून घेतला असेल, तर खरा खर्च दोन वर्षांचा नसून पाच-सहा वर्षांचा आहे, ज्याचा मोठा भाग डॉलर-पौंडांत आहे. तो आकडा कागदावर मांडून, भागीदार भावांसमोर ठेवूनच पुढे जावे. मी सेवेत असताना मुलाच्या शुल्कासाठी दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलणारे व्यापारी पाहिले आहेत. हंगामात माल उचलायला पैसा कमी पडला की मग भावाभावांत बोलाचाली होते, आणि त्याचा दोष त्या अजाण मुलावर येतो.

हे सारे मी नातीला सांगितले तेव्हा दादांचा नातू शेजारीच बसला होता. तो आता सीए इंटरमीजिएटची तयारी करतो आहे. त्याने हसत विचारले, "काका-आजोबा, माझा निबंध विसरलात का?"

विसरलो नव्हतो. ४००० शब्दांच्या निबंधासाठी त्याने विषय घेतला होता हरिपूरच्या पेवांचा. सांगलीजवळच्या या गावी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची जुनी पद्धत होती. ती व्यापाऱ्यांनी का सोडली, हा त्याचा प्रश्न. त्यासाठी दादांनी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढून दिल्या. पेवाचे भाडे, शीतगृहाचे भाडे, माल काढतानाची घट, असे तक्ते त्याने केले. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरल्यानंतर काय झाले, ते जुन्या हमालांना भेटून लिहून घेतले. पेव उघडल्यावर लगेच आत का उतरू नये, हेही त्याला तेथेच कळले. निबंध इंग्रजीत होता. एका रात्री त्याने तो संपूर्ण दादांना मराठीत समजावून सांगितला. साठ वर्षे हळदीत काढलेल्या माणसाला आपल्याच धंद्याचा हिशेब नातवाच्या तोंडून ऐकताना मी पाहिले. मधूनच ते म्हणत, "हे आमच्या ध्यानात आले नव्हते." आमच्या काळी एम.कॉम. होईपर्यंतही कोणी आम्हांला असा एक प्रश्न स्वतः शोधायला लावला नव्हता.

त्यामुळे नातीला सरळ "नको" म्हणणे मला जमले नाही. तिला इतिहासही हवा आहे आणि जीवशास्त्रही. पुढे अर्थशास्त्र की कायदा, हे ठरलेले नाही. सीए होण्याचा विचार मात्र नक्की नाही. तिच्यासारख्या मुलीला दोन्ही विषय वरच्या पातळीवर एकत्र शिकता येणे, ही या अभ्यासक्रमाची खरी सोय आहे. माझ्या मुलाने आणि सुनेने पाच वर्षांचा खर्च मांडला. परदेशी पदवी झेपणार नाही, असे त्यातून निघाले. तेव्हा पदवी भारतातच करायची, हे धरून तिने तीन विद्यापीठांना प्रवेशाच्या अटी विचारणारी पत्रे स्वतः पाठवली. त्यांतील दोघांची उत्तरे आली आहेत. गणिताच्या रकान्यात तिने आधी सोपा पर्याय लिहिला होता. तो खोडून वरचा लिहिला आहे, तूर्त पेन्सिलीने.

दादांनी शेवटी एकच विचारले, "तिथे हिशेब शिकवत नाहीत ना?" ती नाही म्हणाली. "मग दहावीची परीक्षा झाली की मे महिन्यात इकडे ये. मुनीमजी सकाळी नऊला रोजकीर्द लिहायला बसतात. उशीर चालणार नाही."